जावेचा उणा घडा

आमचं कूळच हेव्यातून जन्मलं. सवत झालेल्या सख्ख्या बहिणीवर कुरघोडी करायला लेआनं आपली दासी जिल्पा नवऱ्याला, याकोबाला, दिली आणि तिच्या पोटी आशेर, आमचा मूळपुरुष, झाला. लेआ म्हणे, आता बायका मला सुखी म्हणतील. अशा आशेराच्या घरात मी, अटारा, हेवा करत बसले तर नवल काय?

शिलोच्या देवस्थानातल्या दिव्यासाठी आमच्या गावातून दरवर्षी एकच घडा जातो, हातानं कुटलेल्या जैतुनाच्या पहिल्या तेलाचा. सात वर्षं माझाच गेला. मग धाकटी जाऊ आली, शुआ. ना रूप, ना बोलणं, पण तिचं तेल पाण्यासारखं नितळ. सासरे वात पेटवून म्हणाले, धूरच नाही. त्या वर्षी तिचा घडा गेला. आशेर तेलात पाय बुडवील असा आशीर्वाद आहे आम्हाला. माझे पाय मात्र निखाऱ्यावर होते.

यंदा तिला पाणी पाजायचंच, असं मी ठरवलं. पण माझ्या झाडांचं फळ कमी पडलं. शेंड्याला मात्र काळीभोर, टपोरी फळं राहिली होती. झाड एकदा झोडपलं की मागे राहील ते विधवेचं, पुन्हा काठी लावायची नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. भर दुपारी सगळे जेवायला बसल्यावर मी काठी लावली.

माझ्या तेलाला धूर नव्हता. शुआच्याही नव्हता, पण तिचा घडा चार बोटं उणा होता, आणि उणा घडा शिलोला पाठवत नाहीत.

"घडा गळका आहे की हात?" मी तिला ऐकवलं. ती नुसती हसली.

माझा घडा गाढवावर चढत होता, तेवढ्यात शेजारची विधवा होदेशमावशी आली. एक रिकामं मडकं तिनं शुआपुढे धरलं.

"घे बाई तुझं मडकं. यंदा झाडांवर माझ्यासाठी एक फळ राहिलं नव्हतं. तू तेल दिलंस म्हणून घरात दिवा लागला."

मला लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो हेवाच. चांगुलपणातही हीच पुढे! मग मावशीच्या हातांवरचे ओरखडे दिसले. उघड्या फांद्या चाचपत म्हातारी किती फिरली असेल, ते कळलं.

"मामंजी, घडा उतरवा," मी म्हणाले. "त्यात मावशीची फळं आहेत."

 सासऱ्यांनी माझा घडा मावशीच्या दारात नेऊन ठेवला आणि शुआचा उणा घडा तसाच गाढवावर चढवला. हा भरलेलाच आहे, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. कोनाड्यात माझं तेल जळत होतं. धूर नावालाही नव्हता. हे बघायला शुआ तिथे हवी होती, असं मला फार वाटलं.