मुकुंदरावांच्या नावाचा डबा

मी डबा आहे. स्टीलचा, कडीचा, झाकणाला एक पोचा पडलेला. डब्यानं बोलू नये असं तुम्हाला वाटत असेल, तर हरकत नाही. अडतीस वर्षं मीही तसंच समजत होतो.

गुलमंडीतल्या भांड्यांच्या दुकानातून मुकुंदरावांनी मला आणलं. त्यांच्या लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. दुकानदारानं नाव घालायचं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, कुणाचं घालू? मुकुंदरावांनी स्वतःचं सांगितलं. तेव्हापासून माझ्या झाकणावर 'मु. ग. देशपांडे' आहे. आत काय असायचं ते मात्र त्यांच्या बायकोनं, भानुमतीबाईंनी भरलं. मुकुंदरावांनी माझी कडी स्वतः एकदाच उघडली, तीही ते विम्याची कागदपत्रं शोधत होते म्हणून.

पुंडलिकनगरातल्या आमच्या घराचा नियम असा की बाहेरगावी जायचं ते बघायला, खायला नाही. काशीला लोक कचोरी खात होते, आम्ही धपाटे. उटीला लोक डोसे खात होते, आम्ही धपाटे. तळाला कापडात गुंडाळलेली ती चवड आणि वर पिशवीत शेंगदाण्याची चटणी. 'इथल्या तेलाचा काय भरवसा?' एवढं एक वाक्य मुकुंदरावांना सगळ्या भारतभर पुरलं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. मी नसतो तर ही माणसं उपाशी मेली असती, असं मी मानत होतो.

मुकुंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि मुलानं, शंतनूनं, दोघांना अंदमानची तिकिटं पाठवली. त्या दिवशी भानुमतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. दागिना नाही, साडी नाही. त्या म्हणाल्या, "तिथं मी काही करणार नाही. कुणीतरी केलेलं गरम गरम आयतं ताट, एकदा तरी."

मुकुंदराव हो हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन किलो शेंगदाणे घेऊन आले.

चाळीस धपाटे झाले. सगळे भरून बाईंनी माझं झाकण जरा जोरात लावलं. पोचा तेव्हाचाच.

विमानतळावर एका जवानानं मला उघडायला लावलं, वास घेतला आणि तीन वेळा शिंकला. मुकुंदरावांना तो चटणीचा विजय वाटला. पुढं दोन विमानं आणि एक बोट करून आम्ही स्वराजद्वीपला पोचलो. आमच्या शहरासारखं याही बेटाचं नाव बदललेलं. बोटीवरचे लोक अजून जुनंच घेत होते.

किनारा मी पिशवीच्या फटीतून पाहिला. पांढरी वाळू, आधी हिरवं आणि पुढं निळं होत गेलेलं पाणी, मागं पाच मजली इमारतीच्या उंचीची झाडं. मुकुंदरावांनी कमरेवर हात ठेवून समुद्राची पाहणी केली आणि म्हणाले, आपल्या नाथसागर धरणापेक्षा थोडं मोठं असेल. मग झाडं बघून, यांना पाणी कोण घालतं, अशी चौकशी केली. तीस वर्षं पाण्याच्या फायली हलवलेला हा माणूस बूट भिजतील म्हणून वाळूतच उभा राहिला.

बाई मात्र साडी खोचून घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या. मग गुडघ्याएवढ्या. लाट आली की त्या मागं सरत आणि हसत. त्यांचं हसणं मी स्वयंपाकघरात कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मागून हाक आली, "अगं, काय करायलीस तिथं? धपाटे गार होतील." धपाटे तीन दिवसांचे होते. गार व्हायचं त्यांचं काही उरलं नव्हतं. तरी बाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझी कडी काढली.

हॉटेलातही तेच. सकाळ-संध्याकाळ फर्मान सुटे, दोन वाट्या दही आणा, बाकीचं आमचं आहे. शेजारच्या टेबलावर नारळाच्या दुधातली भाजी यायची, वाफ आमच्यापर्यंत पोचायची. बाई तिकडं बघत. मुकुंदराव म्हणत, एवढं केलंस ते वाया घालवायचं का? ज्यानं काहीच केलेलं नसतं, त्याला वाया जाण्याची फार काळजी असते.

शेवटी माझीच अब्रू गेली. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आठ दिवस टिकणारे धपाटे तिथल्या दमट हवेत तिसऱ्या सकाळी हिरवे पडले. बाईंनी कापड उलगडलं, लव बघितली आणि अगदी शांतपणे सगळी चवड कचऱ्यात टाकली. मला वाटलं, आता ताट येणार.

कसलं ताट. आमची परतीची बोट दुपारी होती. मुकुंदरावांनी धक्क्याजवळ शेफाली नावाच्या बंगाली बाईची खानावळ हेरली आणि तिला ऐटीत सांगितलं, मेरी मिसेस खुद बना लेगी, आप सिर्फ आटा और चूल्हा दीजिए. मग बायकोकडं वळून म्हणाले, "चारच पोळ्या लाट, जास्त नकोत." आणि बाकावर बसून ते समुद्राकडं पाठ करून वर्तमानपत्र वाचू लागले.

बाई मला घेऊन आत गेल्या. दोन चुली होत्या. एकीवर मासा रटरटत होता. शेफालीनं पिठाचा डबा पुढं केला नाही. तिनं बाईंच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "दीदी, भूख लगा है?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात बाईंनीच सगळ्यांना विचारला होता. त्या म्हणाल्या, "हाँ."

ताट आलं. वाफाळता भात, डाळ, केळफुलाची ओल्या नारळातली भाजी, लिंबाची फोड. बाई माशाच्या चुलीला लागूनच पाटावर बसल्या आणि जेवल्या. दुसऱ्यांदा भात घेतला. मधेच त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि भाजी मुळीच तिखट नव्हती. मला माझी लाज वाटली. या बाईला मी इतकी वर्षं घरातून बाहेर नेलं होतं आणि एकदाही घर सोडू दिलं नव्हतं.

बाहेरून हाक आली, "झाल्या का गं पोळ्या?"

बाई हात धुऊन दारात गेल्या. "मी केल्या नाहीत. मी जेवले. तुम्हाला भूक असेल तर इथं ताट मिळतं."

मुकुंदराव बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग जेवले. दोनदा भात घेतला आणि मीठ कमी असल्याचं नोंदवलं. शेजारच्या चुलीवर काय रटरटत होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

निघताना बाईंनी मला उरलेल्या चटणीसकट शेफालीच्या हातात दिलं. बोटीचा भोंगा वाजला. धक्क्यावरून मुकुंदरावांचा आवाज आला, "डबा घेतलास ना?"

"घेतला," बाई म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

तेव्हापासून मी शेफालीच्या खानावळीच्या या खिडकीत आहे. चटणी आठवड्यात संपली. खारं वारं लागून कडी जरा करकरते. भानुमतीबाई, तुम्ही मला विसरलात तरी चालेल, पण त्या पाण्यात उभ्या होतात ते विसरू नका. आणि मुकुंदराव, शोधाशोध करू नका. मी खुशाल आहे. झाकणावर अजून तुमचंच नाव आहे. आत सुकट असते.