आरशातला डोळा आणि आईचा साबण

आमच्या वडिलांच्या सलूनमध्ये एवढी गर्दी जमली होती की ज्याची दाढी चालली होती त्यालाच जागा उरली नव्हती. दारात, खिडकीत, बाकावर माणसंच माणसं! सगळ्यांच्या नजरा मोठ्या आरशावर. खुर्चीत चमत्कार दाखवणारे बुवा, बापू, डोळे मिटून बसलेले. समोर फळीवर गरम पाण्याचं पातेलं ठेवलं, वाफेनं आरसा पांढरा झाला आणि मधोमध उमटला एक डोळा. टपोरा, पापण्यांसकट!

"तो बघतोय!" बापू गरजले. "तुमच्या मनातलं, खिशातलं, पोटातलं सगळं बघतोय!"

एक गृहस्थ झटकन पोट आत ओढून उभे राहिले.

हसण्यावारी नेलं असतं. पण वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन ठरलं होतं. बापू म्हणाले, "डोळ्याला सुरी लागली की कृपा आटते." झालं! वडिलांनी ऑपरेशन रद्द केलं. वस्तरा मात्र अंदाजानं चालूच.

काका कट्टर नास्तिक. बाकावर चढून ओरडले, "देवबिव सब झूठ! तुम्ही सगळे मेंढरं आहात!" लोकांनी त्यांना अर्ध्या दाढीनिशी उचलून बाहेर ठेवलं आणि बापूंचे भक्त दुप्पट झाले. मामा दुसऱ्या टोकाचे. "प्रश्न विचारणं हेच पाप," एवढं एकच वाक्य ते पुनःपुन्हा म्हणत.

आई शाळेत विज्ञान शिकवायची आणि रोज सकाळी मनोभावे प्रार्थनाही करायची. तिनं ओरडाआरडा केला नाही. ती फक्त बापूंचा हात बघत राहिली. खुर्चीत बसण्याआधी ते आरशाला 'आशीर्वाद' देत, म्हणजे ठरलेल्या जागी अंगठा फिरवत.

"अगं, त्यांचा अंगठा नेहमी बुळबुळीत का असतो?" तिनं मला विचारलं आणि स्वतःशीच खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आई आरशापुढे उभी राहिली. मग बापू आले. अंगठा फिरला, डोळे मिटले, वाफ चढली.

"आला! तो आला! ओळखा त्याचं रूप!" बापू मिटल्या डोळ्यांनीच गरजले.

आरशात डोळा होता. त्याच्या शेजारी आणखी एक तिरळा डोळा, वर गाढवाचे दोन लांब कान, खाली वीतभर बाहेर आलेली जीभ.

कुणीतरी फिसकन हसलं. मग खिडकी हसली, दार हसलं, पोट आत ओढणाऱ्या गृहस्थांचं पोट गदगदा बाहेर आलं. बापूंनी डोळे उघडले.

"हे कुणी केलं?"

"मी, साबणानं," आई म्हणाली. "तुम्ही कशानं केलंत?"

तिनं सगळ्यांना समजावलं. काचेवर साबण पुसटसा फासला की दिसत नाही. वाफ आली की बाकीच्या काचेवर बारीक थेंब धरतात, ती पांढरी होते. साबणावर मात्र थेंब न धरता पाणी पसरतं, म्हणून तिथली रेघ स्वच्छ राहते. लोक एकेक करून आरशावर बोटं चालवू लागले. त्या गडबडीत बापू सटकले, गळ्याभोवतीच्या कापडासकट.

"बघा! देव नाही हे सिद्ध झालं!" काका नाचू लागले.

"भावोजी, सिद्ध एवढंच झालं की साबणावर थेंब धरत नाहीत."

मामांचा चेहरा पडला होता. "ताई, मग माझ्या श्रद्धेचं काय?"

"असू दे की. पण जिला प्रश्न चालत नाहीत ती श्रद्धा नसते रे, भीती असते."

वडील आरशाजवळ गेले. नाक काचेला टेकेपर्यंत गेले. "मला तर तो डोळा कधी दिसलाच नव्हता," ते हळूच म्हणाले. "तुम्ही सगळे दिसतोय म्हणत होतात, म्हणून मीही म्हणालो."

आईनं फळीवरचा वस्तरा उचलून बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. आत जाताना वडिलांनी हात जोडले. काकांनी तोंड उघडलं, आईनं नुसतं बघितलं, तसं ते मिटून काकांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या बाजूनं मामांनी धरलं होतं. पट्टी निघाली तेव्हा वडील आईकडे बघतच राहिले. "अगं, तुझे केस कधी पिकले?"

तर मंडळी, देवाला हात जोडायचे तर जोडा, नसतील जोडायचे तर नका जोडू. जोडणाऱ्याला मूर्ख म्हणू नका, न जोडणाऱ्याला पापी म्हणू नका. पण डोळे डॉक्टरांनाच दाखवा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचा अंगठा बघा.