बकरीनं ठेवलेलं पान

हरेशनं कल्याणच्या फुटपाथवरून इटालियन शिकायचं पुस्तक आणलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोच्या, सारिकाच्या बकरीनं ते खाल्लं. नमस्कार गेला, आकडे गेले, मी-तू गेलं. उरलं एकच पान: कुणीतरी, कुणीच नाही, काहीतरी, सगळे, प्रत्येक. हरेशनं तेच पान ओवीसारखं घोळवून पाठ केलं. मुरबाडच्या कापडगिरणीत इटालियन मशीन आलं तेव्हा त्यानं गोजर मॅनेजरांना सांगून टाकलं, मला इटालियन येतं. पर्मनंट करायचा शब्द मिळाला.

खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ फोडला तो हरेशनंच, गोजर यायच्या आधी, मशीनच्याच लोखंडावर. पाणी बटणांच्या पेटीत शिरलं. मशीननं एक उचकी दिली नि डोळे मिटले.

इटलीचे ब्रुनोसाहेब दुरुस्तीला आले. त्यांनी पेटी उघडून आतून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि बराच वेळ बोलले. गोजरांनी हरेशला पुढं ढकललं. ज्यानं हे केलं तो आजच घरी जाणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

साहेबांनी तुकडा वर धरला.

"क्वालकूनो," हरेश म्हणाला. कुणीतरी.

साहेबांनी डोळ्यांकडं बोट नेलं.

"नेस्सूनो." कुणीच नाही.

पोरगा झकास बोलतो, असं गोजरांना वाटलं. मग साहेब पुन्हा बोलत सुटले. त्या पुरात हरेशला एकच शब्द तरंगताना दिसला, 'तुत्ती'. सगळे. त्यानं मागं पाहिलं. झाडूवाली रंगू, फिटर धर्मा, म्हातारा कुंडलिक, सारेच त्या दिवशी पूजेला होते. सगळ्यांना काढणार?

मी केलं म्हणायचं, तर तो शब्द बकरीच्या पोटात. हरेशनं छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "क्वालकूनो."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी तो तुकडा तोंडात टाकला, चावला आणि मान डोलावत आणखी काही सांगितलं.

"काय म्हणतात रे?" गोजरांनी विचारलं.

"मला नाय कळलं साहेब. नारळ मीच फोडला. आन् मला इटालियन एकच पान येतं."

गोजर विचारात पडले. गिरणीत दुसऱ्या कुणाला अर्धं पानही येत नव्हतं.

"मशीन नीट होईपर्यंत ऱ्हा," ते म्हणाले. "मग तुला काढतो."

दिवाळी सरली, पौष आला. म्हशाच्या जत्रेला ब्रुनोसाहेब हरेशच्या सायकलवर मागं बसून गेले. मशीन अजून दुरुस्त होत होतं.