अकरा तावदानं, एकच गाठ

म्हाताऱ्या सुतारानं तावदानाच्या भोकातला भुगा नाकाशी नेला आणि झटकन दूर केला. लाकडाला भोक पाडलं की लाकडाचा वास यावा. इथं जळक्या बादलीचा येत होता. शी! आत भरलेल्या राळेचा असेल, असं म्हणून त्यानं हात पँटला पुसले.

वाचनालयाची ही इमारत त्याच्या लेकीची. शिकून आर्किटेक्ट झाली, तिची ही पहिलीच. दर्शनी भिंत पारदर्शक लाकडाची. फळीतला रंग धुऊन काढायचा, मोकळ्या जागेत राळेसारखं काहीतरी मुरवायचं, की उजेड आत येतो आणि ऊबही टिकते. ऐकून त्यानं नाक मुरडलं होतं, "लाकडाचं रक्त काढून त्याला पांढरंफटक करायचं? हे कसले धंदे!" मग तिनं तळहाताएवढा खरा तुकडा त्याच्या हातात ठेवला. आत रेषान् रेषा शाबूत. म्हाताऱ्यानं तो उजेडाला धरून पाहिला. तावदानं मीच बसवणार, म्हणाला.

अकरा बसवून झाली होती. बारावं उचललं, तर डाव्या कोपऱ्यात गाठ, गाठीखाली तिरकी चीर. अकराव्यालाही तीच. पहिल्यालाही तीच! अहो, झाडाला एकसारखी गाठ दोनदा येत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यानं पटाशीनं कड खरवडली. निव्वळ प्लास्टिक, वर लाकडाचं चित्र छापलेलं.

तावदानं विकणाऱ्या व्यापाऱ्याला शिव्या घालत तो लेकीकडे गेला. ती दाराशी पाटी लावून घेत होती: 'ही भिंत लाकडाची आहे.'

"तुला गंडवलंय गं त्या मेल्यानं! सगळं खोटं आहे!"

"हळू बोला, बाबा." तिनं इकडेतिकडे पाहिलं. "खरी तावदानं पिवळी पडली. उद्या उद्घाटन. ही मीच मागवली. कोणाला कळतंय?"

 हे वाक्य सुताराचंच होतं. तरुणपणी कपाटाच्या सांध्यात फट राहिली की भुगा सरसात कालवून चोपडायचा, वर रंग फासायचा, आणि स्क्रूचा डबा धरून उभ्या असलेल्या चिमुरड्या लेकीला डोळा मिचकावून म्हणायचं, कोणाला कळतंय? लोक त्या कपाटांची तारीफ करायचे आणि हा मान डोलवायचा. किळस आली त्याला. प्लास्टिकची आली, पण त्याहून जास्त स्वतःची.

तो मागे फिरला. पेचकस घेऊन पहिल्या तावदानाशी बसला.

"बाबा, काय करताय? माझं नाव जाईल! कोणाला कळणारेय..."

"मला कळलंय," तो म्हणाला. "आणि तुलाही. ये, डबा धर. स्क्रू हरवायला नकोत."

तिनं दाराशी लावलेल्या पाटीकडे पाहिलं. मग खाली बसली आणि तिनं डबा धरला.