शेवटचे पाच शब्द

पेन्सिलीची रेघ आणखी एक शब्द अलीकडे सरकली होती.

तालमीच्या हॉलमध्ये स्पीकरच्या खोक्यावर गाण्याचा कागद पडला होता आणि तिघी गाणाऱ्यांतली शेपटी वाकून त्याच्याकडे पाहत होती. ओळ नऊ शब्दांची: ‘चार मजले चढून आले, कुणी म्हणालं नाही ये बस.’ ठिणगीने ज्या शब्दानंतर श्वास घ्यायचा तिथे एक बारीक तिरकी रेघ असे. बावीस वर्षांपूर्वी ती आठव्या शब्दानंतर होती. मागच्या वर्षी सहाव्या, गेल्या आठवड्यात पाचव्या. आज ती चौथ्या शब्दानंतर होती आणि जुनी रेघ खोडताना तिथला कागद इतका घासला गेला होता, की खालच्या खोक्याचा काळा रंग त्यातून दिसत होता.

रेघेच्या उजवीकडचं सगळं शेपटीचं.

“काय वाचतेस एवढं? परीक्षा आहे का?” ठिणगीने मागून विचारलं. ती खुर्चीवर उलटी बसली होती, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून.

“रेघ हलली.”

“हलवली. तिथं जोर बरा येतो. ‘आले’वर थांबायचं, मग तू घे. लोकांना वाटतं दोघी भांडतोय. मजा येते.”

“पाच शब्द होतात.”

“मग पाच घे. तुला काय जड आहेत?” ठिणगी हसली, आणि हसण्याच्या शेवटी जो बारीक आवाज आला तो शेपटीने ऐकला. तिने तो ऐकू नये म्हणून ठिणगीने लगेच खुर्ची सरकवली.

शेपटी हे तिचं खरं नाव नव्हे. शाळा सुटल्यावर तिघी एका इमारतीच्या जिन्यात रॅप करायच्या. चौथ्या मजल्यावर, कारण तिथल्या दोन खोल्या रिकाम्या होत्या आणि आवाज घुमायचा. ठिणगी ओळी म्हणायची. भिंगरी तोंडाने ताल धरायची आणि नाचायची. तिसरीला काय द्यायचं हा प्रश्न होता. ठिणगी इतक्या वेगाने सुटायची की ओळीच्या शेवटच्या शब्दाला तिचा दम संपायचा. तेव्हा कुणी न सांगता तिसरी तो शब्द म्हणायची, तेवढ्यात ठिणगी श्वास घ्यायची आणि पुढच्या ओळीवर झडप घालायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, या मुलीला श्वास लागतच नाही. “मी वाघ,” ठिणगी तेव्हा म्हणाली होती, “आणि ही माझी शेपटी.” नाव चिकटलं. पहिल्या कॅसेटवरही तेच छापलं गेलं: चौथा मजला – ठिणगी, भिंगरी, शेपटी. तिच्या आईने तो कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “एवढं शिकवलं, आणि शेपटी?”

तीन वर्षं त्या गाजल्या. तीन वर्षं म्हणजे अकराशे दिवस. शेपटीने एकदा मोजले होते. टीव्हीवर गेल्या, कपड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीत उभ्या राहिल्या, परक्या शहरांत हॉटेलच्या एका खोलीत तिघी आडव्या झोपल्या. मग ऐकणाऱ्यांना दुसरं काहीतरी आवडायला लागलं. कुणी त्यांना जा म्हणालं नाही, फक्त फोन यायचे थांबले. भिंगरीने ब्यूटी पार्लर काढलं. ठिणगी गाद्यांच्या कारखान्यात लागली, फोम कापण्याच्या विभागात, आणि बारा वर्षं तिथेच राहिली. शेपटीने राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि एका दवाखान्यात फुप्फुसांच्या तपासणीच्या खोलीत नोकरी धरली.

त्या खोलीत दिवसभर एकच काम. माणसाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि सांगायचं: खोल श्वास, अजून खोल, आता फुंका, जोरात, सोडू नका, सोडू नका, अजून, अजून. हे ती कुठल्याही निवेदिकेपेक्षा चांगलं म्हणते. म्हातारे लोकसुद्धा तिच्या आवाजावर दोन फुंका जास्त मारतात. निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच आपली पाऊण हवा बाहेर टाकतो. ज्याच्या नळ्या आवळल्या आहेत त्याची हवा आत अडकते, रेघ पडद्यावर वर जाते आणि लगेच खोलगट होऊन खाली येते. ती खोलगट रेघ शेपटी लांबून ओळखते. माणूस दाराशी उभा राहून आपलं नाव सांगतो तेव्हाच तिला अंदाज येतो.

म्हणून दीड वर्षापूर्वी, त्यांचं जुनं गाणं पुन्हा लोकांच्या फोनवर फिरायला लागलं आणि त्यांना पहिलं बोलावणं आलं, तेव्हा स्टेजवर तिसऱ्या ओळीलाच तिला कळलं होतं. कानातल्या छोट्या स्पीकरमधून ठिणगीचा श्वास स्वच्छ ऐकू येत होता. श्वास आत जाताना काही नाही. बाहेर येताना, अगदी शेवटी, बारीक शिट्टी.

या कार्यक्रमानंतर सांगायचं, असं तिने ठरवलं. मग पुढच्यानंतर. मग ठिणगीच्या मुलाची परीक्षा झाल्यावर.

मधल्या काळात तिने डॉक्टरबाईंना विचारलंही होतं. “माझी एक ओळखीची आहे,” अशी सुरुवात करून.

“ओळखीची आहे तर घेऊन ये,” डॉक्टरबाई मान वर न करता म्हणाल्या होत्या. “ओळखीच्यांचीच फुप्फुसं उशिरा येतात आमच्याकडे. काय काम करते?”

“फोम कापते.”

तेव्हा त्यांनी मान वर केली. “त्याची धूळ छातीत बसते. किती वर्षं?”

शेपटीने आकडा सांगितला आणि पुढचा रुग्ण आत घेतला.

“चला, पुन्हा एकदा पहिल्यापासून,” तालमीच्या हॉलमध्ये भिंगरी टाळी वाजवून म्हणाली. तिच्या एका गुडघ्याला पट्टा होता. “चार वाजता दौऱ्याचा आयोजक येतोय. तो यायच्या आत निदान एकदा तरी चुका न करता म्हणू. माझा गुडघा तासाच्या हिशोबाने चालतो.”

ताल सुरू झाला. मिनिटाला ब्याण्णव ठोके. चार ठोक्यांची ओळ दोन पूर्णांक सहा दशांश सेकंदांत संपते, एक शब्द सुमारे तीन दशांश सेकंदांत. एका शब्दाच्या सवडीत ठिणगी पूर्वी जो श्वास घ्यायची, त्याला आता पाच शब्द लागत होते. शेपटीला हे आकडे नको होते. ते आपोआप येत. पायाचा अंगठा बुटात ठोके मोजत राहिला आणि तिला एका जागी उभं राहवेना.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला ठिणगी ‘चार मजले चढून आले’ म्हणाली, आणि शेपटी गप्प राहिली.

तिने हे ठरवलं नव्हतं. तिने फक्त तोंड उघडलं नाही.

ठिणगीने क्षणभर वाट पाहिली, मग सवयीने पुढे घुसली. ‘कुणी’ आला. ‘म्हणालं’ अर्धा आला. उरलेले शब्द ओठांवर दिसले, ऐकू आले नाहीत. तिने हात लांब करून स्पीकरचं खोकं धरलं. खांदे वर गेले आणि वरच राहिले. ताल एकटाच वाजत होता.

भिंगरीने तो बंद केला.

“शेपूट कुठं गेलं?” ठिणगीने विचारलं. दोन श्वासांत विचारलं. “झोपलीस का?”

“चुकले,” शेपटी म्हणाली.

“बावीस वर्षांत चुकली नाहीस, आज कसली चुकतेस?”

“लक्ष नव्हतं.”

“लक्ष कुठाय मग? दवाखान्यात? इथं ये की जरा.” ठिणगीने कपाळ पुसलं. “अशी मधेच सोडलीस तर मी तोंडावर पडेन सगळ्यांसमोर. कळतंय ना?”

“कळतंय.”

भिंगरी शेपटीकडे पाहत होती, जसं ती पार्लरमध्ये एखाद्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहते, आधी कुणी काय करून ठेवलंय ते शोधत.

जेवायला त्या खाली गेल्या. परत वर येताना पहिल्या वळणावर ठिणगी थांबली, फोन तोंडासमोर धरला आणि “हो, हो, सांगते ना, बोल,” म्हणत कठड्याला टेकली. दोघींना तिने हातानेच पुढे जा म्हटलं. भिंगरी गुडघा सांभाळत गेली. शेपटी दोन पायऱ्या वर थांबली. ठिणगीच्या हातातला फोन बंद होता. काळ्या काचेत जिन्याची खिडकी दिसत होती. “हो, हो,” ठिणगी त्या खिडकीशी बोलत होती, आणि दर ‘हो’नंतर एक श्वास घेत होती. शेपटीने मोजले. अकरा ‘हो’ झाले.

वर आल्यावर भिंगरीने तिला खिडकीपाशी गाठलं.

“तू मुद्दाम गप्प बसलीस.”

“ठरवलं नव्हतं. पण हो.”

“कधीपासून माहितेय तुला?”

“दीड वर्ष.”

भिंगरीने पट्टा सैल केला, पुन्हा घट्ट केला. “मला वाटलं वयाने होतंय. माझा गुडघा, तिचा दम. अगं, मग सांगायचं ना. तुझं तर कामच ते.”

“सांगणार होते.”

“कशाला थांबलीस? ती ओरडेल म्हणून? ती काय आज ओरडतेय?”

शेपटीला तिच्या ओरडण्याची भीती होती, पण ती थोडी. ठिणगीने नोकरी सोडायची नोटीस दिली होती, या दौऱ्याच्या भरवशावर, तेही होतं. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने स्वतःलासुद्धा नीट सांगितली नव्हती. मागच्या कार्यक्रमानंतर एक मुलगी वही घेऊन आली होती. ती ठिणगीकडे न जाता सरळ शेपटीकडे आली आणि म्हणाली, “ओळीच्या शेवटी तुमचा आवाज येतो ना, तिथं माझ्या अंगावर काटा येतो.” त्या रात्री शेपटी घरी परतली आणि आरशासमोर उभी राहून ते चार शब्द म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. बावीस वर्षं तिच्या वाट्याला एकेक शब्द आला होता. आता दर थोड्या महिन्यांनी त्यात एकाची भर पडत होती. रेघ अलीकडे सरकली की तिला ठिणगीची काळजी वाटायची, आणि त्या काळजीच्या पाठोपाठ, अगदी लगेच, आनंदाची एक हलकी उडी असायची. ती उडी तिला माहीत होती. जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

“बोल की,” भिंगरी म्हणाली. एवढ्यात दार उघडलं आणि ठिणगी आत आली, तिच्यामागे आयोजक.

आयोजक पन्नाशीचा, भला माणूस होता. तरुणपणी त्यांच्या कार्यक्रमाला भिंतीवर चढून बसायचा, हे तो प्रत्येक भेटीत सांगे. “ताई, तुमच्यासाठी कुंपणाची काच लागलीय मला, खूण दाखवू का?” म्हणत त्याने करार तीन प्रतींत खोक्यावर मांडला, गाण्याच्या कागदावरच. “तीन महिने, चाळीस कार्यक्रम. चार ठिकाणी दुपारी एक आणि संध्याकाळी एक, असे दोन होतील. चालेल ना? दमाल, पण मागणीच तशी आहे.”

“दमायला काय झालं,” ठिणगी म्हणाली. “आम्ही काय बसून गाणारी मंडळी आहोत?”

“तेच म्हणतो मी. तुमच्यासारखा दम आजकालच्या पोरींत नाही, ताई. एका श्वासात अख्खं कडवं. मी सगळ्यांना सांगतो.”

ठिणगी हसली. ते हसणं तिने लवकर आवरलं, आणि का आवरलं ते खोलीत दोघींना कळलं. मग तिने पेन उचललं, तिन्ही प्रतींवर झोकात सह्या केल्या आणि पेन पुढे सरकवलं. भिंगरीने पेन घेतलं. ते बोटांत फिरवलं आणि सही न करता शेपटीसमोर ठेवलं.

“आधी तू,” ती म्हणाली.

शेपटीने पेन हातात घेतलं. अंगठा अजून बुटात मोजत होता. ताल बंद होऊन तास झाला होता तरी. कागदावर तिच्या जागी तिचं खरं नाव छापलं होतं, आणि पुढे कंसात शेपटी. तिने दोन्ही वाचली. टोपण लावलं आणि पेन खोक्यावर आडवं ठेवलं.

“काय झालं?” आयोजकाने विचारलं. “तारखा अडचणीच्या आहेत का? दवाखान्याची रजा वगैरे?”

“नाही,” शेपटी म्हणाली. मग ती ठिणगीकडे वळली. आवाज तिने कामावरचा लावला नाही. तो तिला चांगला येत होता, पण तो अनोळखी लोकांसाठी होता.

“मी सही करत नाही.”

“आता हे काय नवीन?” ठिणगी म्हणाली. “सकाळपासून बघतेय, तुझं काहीतरी बिनसलंय. पाच शब्द जास्त होत असतील तर तसं सांग, चार कर. रुसायला काय झालं?”

“जास्त होत नाहीत. मला हवेच होते ते. दीड वर्ष तुझी शिट्टी ऐकतेय मी कानात, आणि गप्प बसले, कारण तुझा प्रत्येक शब्द सुटला की तो मला मिळत होता.” तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे सांगायला कमी वेळ लागला. ठिणगीचा चेहरा हलला नाही. “आता नाही घेणार. पाच नाही, एकसुद्धा नाही. सोमवारी सकाळी आठला माझ्या खोलीत यायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि मी थांब म्हणेपर्यंत फुंकायचं. आकडा काय येतो ते तू तुझ्या डोळ्यांनी बघायचं. त्याच्या आधी मी तुझ्याबरोबर स्टेजवर चढणार नाही.”