कुमुदिनीबाईंच्या गाडीची क्लचप्लेट

मी एक जुनी क्लचप्लेट आहे. कुमुदिनीबाई गेल्या हे मला कोणी सांगितले नाही. माणसे एकमेकांना फोन करतात. गाडीच्या सुट्या भागांना कोण कळवणार? एका सकाळी पेडलवर परका पाय पडला, तेव्हा मला ते कळले.

तो पाय जड आणि घाईचा होता. पेडल दाबायचे तेही धाडकन, सोडायचे तेही धाडकन. बाई आजारी आहेत, बऱ्या झाल्या की येतील, असे धरून मी सगळा हिवाळा अंधारात बसले होते. बाई असत्या तर आपल्या जागेवर त्यांनी दुसऱ्या कोणाला बसूच दिले नसते. म्हणजे त्या नव्हत्या.

घरापुढचा चढ आला आणि मी घसरले. इंजिन ओरडत होते, चाके जागची हलत नव्हती. गाडीत जळका वास शिरला. शेजारच्या सीटवर कुमुदिनीबाईंचे यजमान जगदीशराव होते. गाडी चालवत होते त्यांचे मित्र नंदकिशोर. वास येताच नंदकिशोर म्हणाले, "बघ, वहिनींनी क्लच खाल्लाय. पाय सारखा क्लचवर ठेवून चालवत असणार. बायका तशाच चालवतात रे."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्याच चढावर बोलले असते. तेव्हा बोलता आले नाही, म्हणून आता बोलते आहे.

आधी माझे काम सांगते. गाडीचे इंजिन सारखे फिरत असते. चाकांना मात्र कधी थांबावे लागते, कधी हळू निघावे लागते. या दोघांच्या मधे मी. पोलादाची गोल तबकडी, दोन्ही बाजूंना जाड अस्तर. पेडल सोडले की मी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला, घट्ट धरते आणि त्याची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबले की मी सुटते. कोणी पेडलवर पाय टेकवूनच गाडी चालवली, तर मी धड धरत नाही आणि धड सुटत नाही. मग मी घासत राहते आणि झिजते. नंदकिशोर कुमुदिनीबाईंवर हाच आळ घेत होते.

माझा जन्म अमेरिकेतला. आमची गाडीही तिकडचीच. पन्नास वर्षांहून जुनी, लांब बॉनेटची, आठ सिलिंडरच्या दांडग्या व्ही-एट इंजिनाची, स्टिअरिंग डावीकडे. जपानमधल्या सेंदाई शहरात ती कान्नो-सान नावाच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांकडे होती. वृद्धाश्रमात जाण्याआधी त्यांना ती चालवणाऱ्या माणसाला द्यायची होती. रीत म्हणून त्यांनी आधी जगदीशरावांना विचारले. जगदीशराव विद्यापीठात मातीवर संशोधन करतात. जपानचे लायसन्स काढताना त्यांनी ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, आणि त्यांच्या लायसन्सवर तसेच छापून आले. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नव्हती आणि चालवायची परवानगीही नव्हती. मग कुमुदिनीबाई बसल्या. त्या मिरजेला वडिलांच्या जीपवर शिकलेल्या. त्यांनी चढावर गाडी थांबवली आणि बोटभरही मागे न जाऊ देता पुढे काढली. कान्नो-साननी वाकून, दोन्ही हातांनी किल्ली त्यांना दिली. हे सगळे मी पुढे गाडीतल्या गप्पांत ऐकले. बाईंना ही गोष्ट सांगायला आवडायची.

गाडीतली आधीची प्लेट संपली होती. मेकॅनिक ओनोदेरा-सान यांच्या गॅरेजमध्ये टेबलावर दोन नव्या प्लेटा मांडल्या गेल्या. एक मी. दुसरी शर्यतीच्या गाड्यांसाठी केलेली, अस्तराच्या जागी धातूचे तुकडे बसवलेली. ती पकडते फार जोरात, पण हळू धरणे तिला माहीत नाही. निघताना झटका देते, आणि तिच्या जोडीची स्प्रिंग इतकी ताठ असते की पेडल दाबताना मांडी दुखते. गॅरेजमधल्या एका गाडीत तसला क्लच होता. कुमुदिनीबाईंनी तो दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "मला भाजी आणायला जायचंय, कुस्तीला नाही." आणि त्यांनी मला निवडले.

त्या पायाखाली माझी सगळी नोकरी झाली. गिअर बदलला की पाय उचलायचा आणि डावीकडे जमिनीवर ठेवायचा. ठेवला नाही तर त्यांचे वडील म्हणे भर रस्त्यात जीपमधून खाली उतरवायचे. सिग्नलला त्या गाडी न्यूट्रलला टाकत आणि मला मोकळे सोडत. झाओच्या डोंगरातली वळणे असोत की मात्सुशिमाची सुटीची गर्दी असो, त्या पायाने मला कधी फरफटवले नाही. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीला ओनोदेरा-सान स्वतः गाडी फिरवून आणत आणि क्लच अजून नव्यासारखा आहे असे बाईंना सांगत.

इथे पार्किंगचे तिकीट उजव्या बाजूच्या यंत्रातून घ्यायचे असते. आमच्या गाडीत उजवीकडे जगदीशराव बसत. त्यांचा हात कधी यंत्रापर्यंत पोचायचा नाही. मग ते पट्टा सोडून खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत, आणि मागच्या गाड्या थांबून राहत. "अहो, एवढं एकच काम आहे तुम्हाला," असे बाई म्हणत. मला ती दोघे दिसत नसत, पण ती हसत असली की पेडलवरचा पायसुद्धा हलत असे.

मग बाई इस्पितळात गेल्या. गाडीवर ताडपत्री पडली. जगदीशराव रविवारी येऊन ताडपत्री काढत, बॉनेट पुसत, चाकांच्या चकत्या पुसत, पुन्हा झाकत आणि इस्पितळाची बस पकडत. त्यांना कोण दोष देईल? पण किल्ली फिरवून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावे, हे त्यांना माहीत नव्हते आणि ज्यांना माहीत होते त्यांच्यापैकी कोणी आले नाही. इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारे एक सील असते. इंजिन न फिरल्याने ते सेंदाईच्या थंडीत वाळले आणि चिरले. पुढे गाडीची तपासणी जवळ आली म्हणून नंदकिशोर आले, त्यांनी इंजिन भरपूर रेटले, आणि चिरलेल्या सीलमधून तेल सरळ माझ्या अस्तरावर आले. तेलाने भिजलेली प्लेट कशी धरणार? त्यावर त्यांनी चढावर मला पुन्हा पुन्हा रेटून भाजले. बाईंनी इतकी वर्षे जे जपले ते त्यांनी एका सकाळीत घालवले, आणि नाव घेतले बाईंचे.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळले असते. सेंदाईतली मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा वस्तीच्या सार्वजनिक हॉलमध्ये जमतात. तिथे सगळ्यांसमोर नंदकिशोर म्हणाले की वहिनी गाडी चालवत नव्हत्या, क्लच भाजत होत्या. लोक हसले. गेलेल्या माणसाबद्दल प्रेमाने हसतात तसे हसले, पण हसले. जगदीशरावही हसले.

हे मला कसे कळले? त्यांची मुलगी शिवानी ओसाकाहून आली होती, तिच्या तोंडून. त्या दिवशी ओनोदेरा-साननी मला गाडीतून काढून पुठ्ठ्यावर ठेवले. काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवायची इथे पद्धत आहे. मी इतक्या वर्षांनी पुन्हा उजेड पाहिला आणि माणसांची तोंडे पाहिली. जगदीशराव आवाजावरून वाटायचे त्यापेक्षा फार थकलेले होते.

"बाबा, तुम्ही पण हसलात?" शिवानी विचारत होती.

"हसलो गं. सगळे हसत होते."

नंदकिशोरांनी लांबूनच माझ्याकडे बोट केले. "काळी ठिक्कर झालीये. सांगितलं होतं ना?" ओनोदेरा-साननी दातांतून हवा आत ओढली आणि नुसते "सो देसु ने" म्हणाले. म्हणजे, हो, असे दिसते खरे. त्यांना सगळे कळले होते. मला काढताना त्यांचे हात तेलाने माखले होते. पण गिऱ्हाइकाच्या मित्राला खोटे कसे पाडायचे, म्हणून ते गप्प. असली सभ्यता काय कामाची?

टेबलावर पुन्हा दोन प्लेटा होत्या. नंदकिशोरांनी धातूच्या तुकड्यांची प्लेट उचलली. हीच घाल, म्हणजे पुन्हा कोणी जाळायला नको, असे त्यांचे म्हणणे. गाडी आता तेच चालवतील, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना नेतील, हेही त्यांनी ठरवून टाकले होते. त्यांचे ऐकले असते तर ती दांडगी प्लेटही त्याच चिरलेल्या सीलखाली बसली असती आणि भिजली असती. मग त्या वेळी कोणाच्या पायाचे नाव घेतले असते?

शिवानीने गाडीचे दार उघडले. "नंदूकाका, हे बघा ना. कार्पेट." पेडलच्या डावीकडे जमिनीवर कार्पेट झिजून सुते निघाली होती. "आईची टाच इथे असायची. रोज. चोत्तो, जरा नीट बघा तरी."

"अगं, गाडीच जुनी आहे. कार्पेट झिजणारच," नंदकिशोर म्हणाले.

जगदीशराव तोवर माझ्यापाशी आले होते. त्यांना कामाची एक सवय आहे. मातीचा नमुना समोर आला की ते आधी चिमटीत धरून चोळतात, मग बोलतात. तसेच त्यांनी माझ्या अस्तरावर अंगठा फिरवला आणि तर्जनीवर चोळला. बराच वेळ चोळत राहिले. मग नाकाशी नेला. मग माझ्याच जातीची नवी प्लेट उचलून माझ्याशेजारी उभी धरली. दोघींचे अस्तर जवळजवळ सारख्याच जाडीचे होते.

"ही झिजलेलीच नाही," ते म्हणाले. "ही भिजली आहे."

मग हे तेल कुठून आले, असे त्यांनी ओनोदेरा-सानना जपानीत सरळ विचारले. ओनोदेरा-साननी टॉर्च आणला आणि इंजिनाच्या मागे उतरलेला तेलाचा ओघळ दाखवला. आधी का सांगितले नाही, यावर त्यांनी मान खाली घातली आणि तुमच्या मित्रांच्या बोलण्यात मधे पडणे बरे दिसले नसते, असे म्हणाले. नवी प्लेट कोणती घालायची हे गाडी कोण चालवणार त्यावर आहे, असेही त्यांनी आता सांगितले.

"मी चालवणार," जगदीशराव म्हणाले.

नंदकिशोर हसले. "अरे, तुझ्या लायसन्सवर ऑटोमॅटिक लिहिलंय. साठी आली तुझी."

"शाळेत जाईन. परीक्षा देईन." जगदीशरावांनी धातूच्या तुकड्यांची प्लेट त्यांच्या हातातून काढून घेतली. "आधी सील बदला, मग ही साधी प्लेट घाला. आणि नंदू, हॉलमध्ये जे बोललास ना, ते चूक होतं असं तिथेच सगळ्यांना सांग."

"चेष्टेत बोललो रे. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवतोय," जगदीशराव म्हणाले.

"बरं बाबा, सांगतो," असे म्हणून नंदकिशोर घड्याळ बघू लागले.

पुढच्या महिन्यात जगदीशरावांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि हॉलवर नेले. मी तेलकट, आत तातामीच्या चटया. म्हणून त्यांनी मला दारात चपलांच्या फळीवर ठेवले. वेळ आली की येऊन घेऊन जातील, असे मला वाटले. आतले सगळे ऐकू येत होते. नंदकिशोर आले होते. त्यांनी क्रिकेटवर वाद घातला, पुरणपोळीचे कौतुक केले, कुमुदिनीवहिनींची आठवण येते असेही म्हणाले. क्लचबद्दल एक शब्द नाही. जगदीशरावही बोलले नाहीत. त्याने कबूल केले आहे, तर ते त्यानेच सांगावे, आपण त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नये, असे त्यांना वाटले. घरी जाताना त्यांनी शिवानीला फोनवर तसे सांगितले. मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त संताप इथे झाला. जिवंत माणसाला अवघड वाटू नये म्हणून एवढी काळजी, आणि ज्या बाई येऊन उत्तर देऊ शकत नाहीत त्यांच्याबद्दल बोलताना कोणाची जीभ अडली नाही.

आता माझे वय झाले. मी पुन्हा कुठल्या गाडीत बसणार नाही, आणि माझ्यासाठी मला काही मागायचे नाही. तुमच्याकडे एखादे यंत्र असेल तर ते वरून पुसून झाकून ठेवू नका; अधूनमधून त्याला चालवा. आणि ते बिघडले तर आधी त्याला हात लावून पाहा, मग माणसाचे नाव घ्या. नाव चुकले असेल, तर ज्या लोकांसमोर घेतले त्यांच्यासमोरच चूक सांगा. एकट्यात मान डोलावून भागत नाही.

नवे सील बसले आहे. नवी प्लेट बसली आहे आणि गाडीची तपासणी झाली आहे. जगदीशराव शनिवारी गाडीच्या शाळेत जातात, आणि शिकवणारा त्यांना पाय डावीकडे ठेवायला सांगतो. हॉलमध्ये त्यानंतरही लोक जमले. कुमुदिनीबाईंच्या पायाला लावलेला बोल अजून कोणी मागे घेतलेला नाही.