आठ हजार तासांची सही

रेनिटा चार वर्षं हार्लन कुबियाकच्या हाताखाली बोमॉन्ट शहराच्या चिकट मातीत चर खणत होती, पाइप जोडत होती आणि शिव्या खात होती. जर्नीमन, म्हणजे परवानाधारक प्लंबरच्या परीक्षेला बसायचं तर आठ हजार तास काम केल्याचा दाखला लागतो आणि त्यावर सही लागते मास्टर प्लंबरची. म्हणजे हार्लनची. म्हणून तर तो इतका माजला होता. एकदा रागाच्या भरात त्यानं तिच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला, तेव्हाही ती दात आवळून गप्प बसली.

मंगळवारी एका नव्या घराचे सांडपाण्याचे पाइप तपासायचे होते. प्लॅस्टिकचा पाइप पाणी भरून तपासतात, हवेनं कधीच नाही. पाणी गळलं तर फार तर बूट भिजतात. पण त्या वस्तीत पाणी आलं नव्हतं आणि टँकर मागवण्यात दुपार गेली असती. हार्लननं सरळ कॉम्प्रेसर जोडला.

"मालक, हवेनं नको. नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"घाल ते पुस्तक चुलीत! उघड झडप. का सही नकोय तुला?"

तिनं झडप उघडली.

पाइप फुटला आणि त्याचे धारदार तुकडे चहूकडे उडाले. क्लोव्हिस चरात वाकून सांधा बघत होता. एक तुकडा त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला. तो तोंड धरून गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त ठिबकायला लागलं. क्लोव्हिस म्हणजे साधा मजूर, पण तिच्या वाढदिवसाला घरून कोळंबीचा रस्सा आणणारा. संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला, डोळा काढावा लागला.

बुधवारी सकाळी हार्लननं गाडीच्या बॉनेटवर दाखला पसरला, तिच्यादेखत झोकात सही केली आणि कागद शर्टाच्या खिशात घातला.

"आता बांधकाम खात्याचा इन्स्पेक्टर येईल. झडप क्लोव्हिसनं उघडली, आपल्याच मनानं. एवढं बोल आणि हा कागद घेऊन जा."

"त्याला कामावरून काढतील. भरपाई पण नाही मिळायची."

"मग? तुझा सासरा लागतो का तो?"

इन्स्पेक्टर ओर्टेगा आला. शांत माणूस, डोक्याला घाम, हातात वही. त्यानं फुटलेला पाइप उलटासुलटा करून पाहिला.

"झडप कोणी उघडली?"

हार्लनच्या खिशातून कागदाचं टोक दिसत होतं. ते पाहून रेनिटाला स्वतःचीच किळस आली.

"मी उघडली, साहेब. मालकांनी सांगितलं म्हणून. क्लोव्हिस तर चरात होता."

ओर्टेगानं सगळं लिहून घेतलं, दाराला काम बंदची लाल पट्टी लावली आणि तो निघून गेला. त्याची गाडी वळणाआड होईपर्यंत हार्लन हसतमुखानं हात हलवत होता. मग त्यानं दाखला काढला, चार तुकडे केले आणि काही कळायच्या आत तिच्या थोबाडीत इतक्या जोरात लगावली, की ती मागच्या मागं चरात कोसळली.

पाठोपाठ त्यानंही उडी मारली. बुटानं बरगड्यांत लाथ घातली. पुन्हा घातली. "चार वर्षं पोसली तुला, कृतघ्न कार्टे!" तिच्या तोंडात रक्त आलं, श्वास अडकला. तिसरी लाथ यायच्या आत चिखलात पडलेला मोठा पान्हा तिच्या हाताला लागला. तिनं तो आडवा फिरवला. हार्लनचा गुडघा कडकन मोडला आणि तो तिच्या शेजारीच आडवा झाला.

कशीबशी ती उभी राहिली. इथवर तिचं काही चुकलं नव्हतं, कुठल्याही कोर्टात ती हे सांगू शकली असती.

"थांब, थांब," हार्लन विव्हळत म्हणाला. "गाडीत दुसरा फॉर्म आहे. आत्ता सही करतो. मी घसरून पडलो असं सांगू. तू फक्त इन्स्पेक्टरला फोन कर, म्हणावं घाबरून खोटं बोलले."

ती गप्प होती. गप्प बसायची तिला सवय होती, आणि हार्लनला ते माहीत होतं. त्याला धीर आला.

"शहाणी आहेस तू. अगं, खड्डे तर खणायचे त्याला! एक डोळा पुरतो की."

परवान्याच्या अर्जात गुन्ह्यांबद्दलही विचारतात. रेनिटाला तो अर्ज तोंडपाठ होता. त्याचा दुसरा गुडघा नीट बघून, दोन्ही हातांनी पान्हा उचलून तिनं घाव घातला.

मग वर चढून तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला आणि पत्ता सांगितला. हे कोणी केलं, असं पलीकडच्या बाईनं विचारलं तेव्हा तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं.